कार्ब दिवसाला नेमके किती ग्रॅम? सोलापूरच्या ताईंच्या पत्राला उत्तर

पत्र: नमस्कार मॅडम, मी सोलापूरची, वय ४४, शाळेच्या ऑफिसमध्ये आहे, दिवसभर बसूनच काम. उंची ५ फूट १ इंच, वजन ६८ किलो. गेल्या महिन्यात शुगर निघाली, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ७.४ आणि उपाशीपोटी १४२. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन अशी एकत्र गोळी दिली आणि भात, बटाटा, साखर कमी करा एवढंच सांगितलं. आता नणंद म्हणते २० ग्रॅमच्या वर कार्ब (कार्बोहायड्रेट, म्हणजे कर्बोदकं) घ्यायचेच नाहीत, तिचं तसं करून १० किलो वजन गेलं. भाऊ म्हणतो १३० ग्रॅम तरी पाहिजेतच नाहीतर मेंदूला त्रास होतो. मोबाईलमधलं अ‍ॅप २२५ दाखवतं. आमच्याकडे दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी, ती तर शुगरला चांगली ना, मग ती पण मोजायची का? नेमका आकडा सांगा. माझं एका दिवसाचं खाणं आणि रिपोर्ट सोबत पाठवतेय. एकच भाकरी घेतली की सासूबाई नाराज होतात. आणि माझी १५ वर्षांची मुलगी पण माझ्यासोबत कार्ब बंद करते म्हणतेय, चालेल का?

उत्तर:

ताई, आकडा मागितलाय तर आधी आकडाच देते. तुमची उंची, वजन, वय आणि बसून काम हे सगळं धरलं तर तुम्ही दिवसाला साधारण १७० ग्रॅम कार्बपासून सुरुवात करा, आणि ते एका वेळेला न खाता दिवसभरात वाटून खा. पुढे शुगरचं मीटर काय दाखवतंय आणि वजन कुठे चाललंय ते बघून हा आकडा १५० पर्यंत खाली आणता येईल किंवा आहे तिथेच ठेवता येईल. पण हे उद्या सकाळपासून सुरू करू नका, आधी डॉक्टरांना एक फोन करा, आणि हा फोन का करायचा ते मला सगळ्यात पहिल्यांदा सांगायचंय, कारण बाकी सगळं चुकलं तरी चालेल पण हे चुकायला नको.

तुमच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तुम्ही त्या वेळेला दोन भाकरी खाल्ल्यात की नुसती काकडी खाल्लीत हे तिला कळत नाही, ती आपलं काम करतच राहते. म्हणजे आज तुम्ही जेवढे कार्ब खाता त्या हिशोबाने गोळी बसवलेली आहे आणि तुम्ही अचानक ते निम्मे केलेत, नणंदेचं ऐकून २० वर आणलेत तर विचारायलाच नको, तर शुगर धाडकन खाली येऊ शकते. हात थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, एकदम कडाडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी, असं काही झालं आणि मीटरवर ७० च्या खाली दिसलं तर ३ छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, १५ मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, अजून खालीच असेल तर परत तेवढीच साखर. मीटर जवळ नसेल तर तपासायची वाट बघत बसायचं नाही, साखर घ्यायची. पेढा किंवा चॉकलेट नको त्या वेळेला, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये साखरेची पुडी ठेवा आणि शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना हे सांगून ठेवा.

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, की मी कार्ब जवळपास निम्मे करणार आहे, ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का? ते करतील किंवा सध्या आहे तेच ठेवून आठवड्याने रीडिंग पाठवा म्हणतील. नुसती मेटफॉर्मिन असती तर एवढी काळजी नव्हती, त्या गोळीने एकटीने शुगर अशी सहसा खाली जात नाही. आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण सांगते, ज्यांच्या गोळीच्या नावात शेवटी ग्लिफ्लोझिन येतं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, त्यांनी कीटोच्या, म्हणजे कार्ब जवळपास बंद करायच्या, वाटेला डॉक्टरांशिवाय अजिबात जाऊ नये, कारण त्या गोळीवर कार्ब फारच कमी केले तर रक्तात कीटोनचं, म्हणजे शरीर चरबी जाळतं तेव्हा बनणारं, आम्ल साचू शकतं आणि तेव्हा मीटरवरची शुगर फार चढलेली नसते, त्यामुळे लक्षात यायला उशीर होतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही तेच, आधी डॉक्टर.

आता तुमच्या घरातले तीन आकडे. गंमत म्हणजे तिन्ही हवेतले नाहीयेत, प्रत्येकाला कुठूनतरी आधार आहे, फक्त त्यातला एकही तुमच्यासाठी काढलेला नाही.

भावाचा १३० चा आकडा अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने दिलेला आहे आणि आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत पण तोच आहे. मोठ्या माणसाचा मेंदू दिवसाला साधारण १०० ग्रॅम ग्लुकोज वापरतो, त्यावर थोडी भर घालून १३० ठरवलेत. पण ह्याचा अर्थ १२० खाल्ले की मेंदू बंद पडला असा नाही, लिव्हर स्वतः ग्लुकोज बनवतं आणि कार्ब फार कमी झाले तर मेंदू कीटोनवर पण बराचसा चालतो. म्हणजे १३० ही घाबरायची रेघ नाही, आणि रोज इतकेच खा असा हुकूम पण नाही. अ‍ॅपचं २२५ त्याहून सोपं आहे, २००० कॅलरीचे ४५ टक्के काढून ४ ने भागलं की बरोबर २२५ येतात, कारण एक ग्रॅम कार्ब म्हणजे ४ कॅलरी. पण तुम्हाला २००० कॅलरी लागतच नाहीत! तुमचं वय, वजन, बसून काम हे नीट न भरता अ‍ॅप उघडलं की ते असाच कोणालाही चालेल असा आकडा देतं.

नणंदेचं २० म्हणजे कीटो. तिचं वजन उतरलं हे खरं असणार, मी त्यावर शंका घेत नाही, आणि टाइप टू डायबेटीसमध्ये कार्ब खूप कमी केल्यावर पहिल्या सहा महिन्यांत शुगर छान खाली येते हे अभ्यासांत पण दिसलेलं आहे. फक्त वर्षभरात तो फरक कमी कमी होत जातो, मुख्यतः माणसं तसं खाऊ शकत नाहीत म्हणून. आणि २० ग्रॅम म्हणजे किती ते बघा ना, अर्धी भाकरी खाल्ली की दिवस संपला, पुढे आमटी नाही, फळ नाही, दूध नाही. ज्या घरात दोन्ही वेळेला तव्यावर भाकऱ्या टाकणारी बाई तुम्हीच आहात त्या घरात हे किती दिवस निभेल ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर तुमच्यासाठी हे मी निवडणार नाही.

मग १७० कुठून आले? तुमची उंची साधारण १५५ सेंटीमीटर. आपल्या लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २३ च्या आत असावा असं धरतात, त्या हिशोबाने तुमचं वजन ५५ किलोच्या आसपास हवं, सध्या ६८ म्हणजे बीएमआय २८ च्या वर. आयसीएमआर बसून काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी धरतं. वजन हळूहळू उतरवायचंय म्हणून आपण १५०० धरू. आता त्यातले किती टक्के कार्ब? आयसीएमआर-इंडियाब म्हणून देशभराचा मोठा डायबेटीसचा अभ्यास आहे, चेन्नईच्या मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशनचा त्यात मुख्य हात, त्यातल्या १८,०९० लोकांच्या खाण्यावरून २०२२ मध्ये त्यांनी गणित मांडलं की नवीन डायबेटीस निघालेल्यांनी कार्ब ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावेत आणि प्रोटीन १९-२० टक्क्यांपर्यंत वाढवावं, म्हणजे शुगर परत आटोक्यात यायची शक्यता वाढते. १५०० चे ५० टक्के म्हणजे ७५० कॅलरी, भागिले ४, म्हणजे १८७ ग्रॅम. तुमचं वजन पण उतरवायचंय आणि काम पूर्ण बसून आहे म्हणून मी अजून थोडं खाली, ४५ टक्क्यांवर धरते, ६७५ भागिले ४, म्हणजे १६९. झाले १७०. हे गणित ज्याला त्याला स्वतःचं करता येतं, उंचीवरून वजन, वजन आणि कामावरून कॅलरी, त्याचे ४५ ते ५० टक्के, भागिले ४.

पण ताई, ह्या १७० ला तोपर्यंत काही अर्थ नाही जोपर्यंत आज तुम्ही किती खाताय ते माहीत नाही. पत्रासोबत तुम्ही एका दिवसाचं खाणं लिहून पाठवलंत ते फार बरं केलंत, त्यावरूनच करते हिशोब. आणि इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करते कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, १०० ग्रॅम भात म्हणजे १०० ग्रॅम कार्ब नव्हेत. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात बरंचसं पाणी असतं, कार्ब साधारण २८ ग्रॅम. काटा पदार्थाचं वजन दाखवतो, त्यातले कार्ब वेगळे काढावे लागतात.

तर तुमचा दिवस. तीन कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, साखरेचेच ३० ग्रॅम झाले, आणि तीन कपांतल्या दुधाचे १५ च्या आसपास, म्हणजे ४५. चहासोबत तीन गोड बिस्किटं, १२. नाश्त्याला बटाटा घातलेले पोहे, कोरडे पोहे ५० ग्रॅम धरले तर ३८ आणि बटाट्याचे ६-७, म्हणजे ४५. डब्यात दोन भाकरी आणि मटकीची उसळ, भाकरीचे ९५ आणि उसळीचे १५. संध्याकाळी चिवडा मूठभर, २०. रात्री एक भाकरी ४७, एक वाटी भात ३०, वरण १२. बेरीज करा, ३२१ ग्रॅम. म्हणजे जवळपास १३०० कॅलरी नुसत्या कार्बच्या, आणि तेल, दाणे, दूध ह्यांच्या वेगळ्या. आणि ह्यात मिठाई, पक्वान्न काहीच नाही, कोणी बघितलं तर म्हणेल किती साधं खातात, म्हणूनच तुम्हाला वाटत होतं की मी तर काही खातच नाही मग शुगर कशी निघाली.

आता भाकरी. तुमचा प्रश्न मनापासूनचा आहे, ती मोजायची का? हो, मोजायचीच, आणि सगळ्यात आधी तीच मोजायची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते आहेत, त्यात १०० ग्रॅम ज्वारीत ६७-६८ ग्रॅम कार्ब, गव्हाच्या पिठात ६४, बाजरीत ६२, नाचणीत ६७, आणि पॉलिशच्या तांदळात ७८. बघितलंत? ज्वारी आणि गहू ह्यांच्यात कार्बचा फारसा फरकच नाही. ज्वारीचं चांगलं काय, तर तिच्यात १० ग्रॅमच्या वर फायबर आहे, तांदळात ३ पण नाही, त्यामुळे ती सावकाश पचते, पोट भरलेलं राहतं, शुगर तांदळासारखी पटकन उसळत नाही. म्हणून ज्वारी खाच, सोलापूरला राहून मंगळवेढ्याची मालदांडी सोडून ओट्स विकत आणायची अजिबात गरज नाही. पण चांगली आहे म्हणून मोजायची नाही असं नसतं. आपल्याकडची हाताने थापलेली भाकरी ७० ग्रॅम पिठाची सहज होते, कधी कधी ८० ची, म्हणजे एकीत ४७ ते ५४ ग्रॅम कार्ब. फुलका २५-३० ग्रॅम कणकेचा असतो, त्यात १६ ते १९. म्हणजे एक भाकरी आणि अडीच फुलके बरोबरीचे झाले, आणि लोक पोळीवरून भाकरीवर येतात, तीन फुलक्यांच्या जागी दोन भाकरी खातात आणि म्हणतात शुगर का नाही उतरत. कडक भाकरीचं पण तेच, ती पातळ आणि हलकी लागते म्हणून गप्पा मारता मारता दोन-तीन मोडून खाल्ल्या जातात, पण पाणी उडून गेलेलं असतं, पीठ जेवढं होतं तेवढं तिथेच आहे.

एक काम करा, किचनचा छोटा डिजिटल वजनकाटा घ्या, ऑनलाइन पाचशेच्या आत मिळतो. आठवडाभर फक्त तुमच्या भाकरीचं पीठ वजन करून मळा, ५० ग्रॅमची भाकरी हातात कशी वाटते, ७० ची कशी वाटते ते एकदा हाताला कळलं की काटा कपाटात गेला तरी चालेल. तसंच तुमच्या घरातली भाताची वाटी कोणती ती ठरवून टाका, एकच, आणि ती सपाट भरायची. जन्मभर काट्यावर जेवायचं नाहीये.

मग १७० मध्ये दिवस कसा बसवायचा ते सांगते, हा नमुना आहे, असाच्या असा पाळायचा म्हणून नाही. चहा तीनचे दोन, साखर अर्धा अर्धा चमचा, दुधासकट १५. बिस्किटं बंद, ती शुगर फ्री लिहिलेली पण बंद, साखर नसली तरी मैदा असतोच, पाकिटाच्या मागे एकूण कार्बोहायड्रेट किती लिहिलेत ते वाचत जा. नाश्त्याला मूगडाळीची दोन धिरडी, ४० ग्रॅम डाळीची, २१ ग्रॅम कार्ब आणि वर ९-१० ग्रॅम प्रोटीन, सोबत वाटीभर दही आणि चटणी, झाले ३० च्या आत. पोहेच हवेत त्या दिवशी पोहे २५-३० ग्रॅमच घ्या, बटाट्याच्या जागी वाफवलेली मोड आलेली मटकी किंवा मटार आणि भरपूर कांदा घाला, प्लेट भरलेलीच दिसते. डब्यात एक भाकरी ७० ची, उसळ मोठी वाटी, पालेभाजी किंवा दोडका, काकडीची कोशिंबीर, ६५ ते ७०. संध्याकाळी फुटाणे मूठभर, १५. रात्री ५० ग्रॅमची लहान भाकरी किंवा एक वाटी भात, दोन्ही नाही, दोन्हीतलं एक, सोबत घट्ट आमटी आणि भाजी, ४५-५०. होतात का बघा, १७० च्या आसपास. चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे झाले तर बिलकुल मनावर घेऊ नका, भाजीतल्या कांद्याचे कार्ब मोजत बसणाऱ्या बायका महिन्याभरात कंटाळून सगळंच सोडून देतात.

गुळाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण विचारणारच आहात, तर गुळात पण १०० ला ८५ च्या आसपास कार्ब असतात, गुळाचा चहा हा साखरेच्या चहाइतकाच मोजायचा.

इथे एक धोका आहे. भाकरी दोनाची एक केली आणि ताटात त्या जागी काहीच आलं नाही तर चार वाजता भुकेने डोकं दुखणार आणि तुम्ही चिवड्याच्या डब्याला हात घालणार, हे होणारच, त्यात तुमचा काही दोष नाही. म्हणून कार्ब कमी करायच्या आधी प्रोटीन वाढवा. दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास लागेल तुम्हाला. डाळ ३० ग्रॅम म्हणजे ७ ग्रॅम प्रोटीन, त्यामुळे पातळ वरणाने भागत नाही, उसळी आणि घट्ट पिठलं हवं, अंडी खात असाल तर रोज दोन, त्यात १२-१३ ग्रॅम, नसाल तर पनीर, सोयाबीन, दही. पिठलं तर आपल्याकडे असतंच. शेंगा चटणी जरूर खा, दाण्यात कार्ब कमीच असतात, १०० ला १७, पण कॅलरी १०० ला पाचशेच्या वर असतात म्हणून दोन चमचे, वाटी नव्हे. किडनीचा त्रास आधीपासून असेल तर प्रोटीन स्वतःच्या मनाने वाढवू नका, तुमच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन दिसत नाहीये, ते आणि लघवीतलं अल्ब्युमिन करून घ्या, नवीन शुगर निघालेल्यांनी ते करायचंच असतं.

सासूबाई एकच भाकरी बघून नाराज होतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना कार्ब वगैरे सांगत बसू नका, त्यांना तुमच्यासोबत बसवून एकदा मीटर लावून दाखवा, दोन भाकरी आणि भात खाल्ल्यावर किती येतं आणि एक भाकरी, मोठी वाटी उसळ खाल्ल्यावर किती येतं. मला वाटतं ह्याने जेवढं पटेल तेवढं माझ्या लिहिण्याने नाही पटणार.

आणि मीटर हेच तुमचं खरं उत्तर आहे ताई. मी दिलेला १७० हा कागदावरचा आकडा आहे, तुमचं शरीर त्याला काय म्हणतं ते मीटरच सांगणार. स्ट्रिपा महाग पडतात म्हणून रोज दहा वेळा टोचायचं नाही, एक जेवण धरायचं, समजा दुपारचं, जेवायच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा. दोन तासांनी १८० च्या खाली असायला हवं, आणि आधीपेक्षा ५० च्या वर वाढत असेल तर त्या जेवणातले कार्ब तुम्हाला जास्त होतायत, पुढच्या वेळी तिथले १०-१५ ग्रॅम कमी करून परत बघा. असं तीन-चार दिवस एक जेवण, मग दुसरं. कोणाला सकाळचे ३० ग्रॅम पण झेपत नाहीत आणि दुपारी ६० चालून जातात, सकाळी शरीरातल्या हार्मोनमुळे शुगर तशीच जरा चढलेली असते. वहीत लिहा, काय खाल्लं ते पण लिहा, नुसते आकडे लिहिले तर नंतर काही कळत नाही. डॉक्टरांकडे जाताना ही वही न्या, बरेच डॉक्टर ती बघून खूश होतात कारण त्यांना गोळी ठरवायला सोपं जातं.

आधी भाजी, कोशिंबीर, उसळ खाऊन मग भाकरीला हात लावला तर तेवढ्याच कार्बवर जेवणानंतरची शुगर कमी चढते, आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी तसंच. शाळेच्या आवारात चाला, उन्हाळ्यात व्हरांड्यात चाला.

उपवासाचं मात्र नीट ऐका. तुमच्याकडे पंढरपूर जवळ, एकादशी चुकत नाही हे मला माहितीये, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, कोरड्या १०० ग्रॅमला ८५ च्या वर कार्ब. एक प्लेट खिचडीला ६० ग्रॅम साबुदाणा आणि वर बटाटा धरला तर ६० ग्रॅम कार्ब एका बैठकीत, आणि दोन वेळा खाल्ली की संपलं. त्याऐवजी थोडी भगर आणि भरपूर दाण्याची आमटी, दही, ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे, एखादं फळ असं करा. आणि निर्जळी किंवा पूर्ण उपाशी राहायचं असेल तर ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारूनच ठेवा, गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत करा. त्याआधी करून उपयोग नाही, लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि हा रिपोर्ट त्यांच्यावर चढलेली साखर मोजतो. त्याच वेळी हिमोग्लोबिन पण बघा, लोह कमी असलं तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो आणि आपल्या बायकांमध्ये ते कमी असणं फार कॉमन आहे. वजन तीन-साडेतीन किलोने उतरलं असेल, शुगर पण उतरली असेल तर १७० वरच राहा, उगाच खाली जाऊ नका. वजन हललंच नसेल तर १५० करा, आणि ते रात्रीच्या जेवणातून कमी करा. वजन उतरतंय पण शुगर नाही असं झालं तर तो प्रश्न खाण्याचा नसून औषधाचा असू शकतो, तेव्हा स्वतःला शिक्षा देत कार्ब अजून कापत बसायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. गरोदर बायका, टाइप वनवाले, ह्यांनी तर ह्यातला एकही आकडा स्वतःला लावू नये, गरोदरपणात तर दिवसाला किमान १७५ ग्रॅमची शिफारस आहे.

राहता राहिली मुलगी. नाही, तिला कार्ब बंद करायला लावू नका, आणि तिने हौसेने केलं तरी करू देऊ नका. १५ व्या वर्षी तिची वाढ चालू आहे, आयसीएमआर त्या वयाच्या मुलींना २४०० कॅलरीच्या आसपास धरतं, म्हणजे तुमच्या दीडपट. तिला भाकरी, भात, फळं, दूध सगळं हवंय. तुमच्या सोबतीने तिला काही करायचंच असेल तर कोल्ड्रिंक बंद करू दे, ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते, आणि संध्याकाळी तुमच्यासोबत चालायला येऊ दे. आणि एक बघून ठेवा, तिच्या मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळपट, जाड, मखमलीसारखी झालीये का, पाळी दोन-दोन महिने लांबते का. आईला शुगर आहे म्हटल्यावर ह्या खुणा दिसल्या तर मळ आहे म्हणून घासत बसू नका, तिला डॉक्टरांना दाखवून तिची पण उपाशीपोटीची शुगर एकदा तपासून घ्या.